कार्यालयीन ई-मेलवरील देखरेख

कंपनीने दिलेल्या मेलबॉक्सवर मालकाची असलेली नजर, आणि त्यातून कर्मचाऱ्याच्या खाजगीपणाचे उरते ते. नागपुरात ही नजर दोन तऱ्हांची आहे: मिहानमधल्या आयटी कंपन्यांत यंत्राची, सीताबर्डी-धरमपेठेतल्या पाच-सात जणांच्या कचेऱ्यांत माणसाची.

मोठ्या कंपनीत सगळे मेल वाचत कोणी बसत नाही. ‘जर्नलिंग’ चालू असेल तर प्रत्येक मेलची प्रत परस्पर वेगळ्या साठ्यात जाते. ‘सेंट’मधून मेल पुसला तरी ती राहते. दुसरी चाळणी डीएलपीची, म्हणजे गोपनीय माहिती बाहेर जाऊ न देणाऱ्या सॉफ्टवेअरची (डेटा लॉस प्रिव्हेन्शन). पॅनची ठेवण (पाच अक्षरे, चार अंक, एक अक्षर) किंवा आधारचे बारा अंक दिसले की मेल अडतो, नाहीतर ॲडमिनला सूचना जाते. गृहकर्जासाठी फॉर्म 16 ऑफिसच्या मेलवरून बँकेला धाडणारा नेमका इथे अडकतो. गैर काही नसते, पण नोंद होते.

ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचे जीमेल उघडले, तर पत्त्याशेजारच्या चिन्हावरून साइटचे प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) पाहावे. ते देणाऱ्याच्या जागी ‘गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस’ऐवजी कंपनीचे किंवा एखाद्या सुरक्षा-सॉफ्टवेअरचे नाव असेल, तर मजकूर वाटेत उलगडून तपासला जातो आहे. गूगलचे नाव दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. स्क्रीनची चित्रे टिपणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रमाणपत्राशी देणेघेणे नसते. स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर ‘वर्क प्रोफाइल’ असेल तर कंपनीची सत्ता बॅगेचे चिन्ह असलेल्या ॲपपुरती. नोकरी सुटली की तो कप्पा दुरून पुसला जातो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता मूलभूत हक्क ठरवली. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 च्या कलम 7 मध्ये नोकरीच्या कामासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीविना डेटा वापरण्याची मुभा आहे. त्यामुळे रुजू होताना न वाचता सही केलेले ‘आयटी पॉलिसी’चे पानच बहुतेक वादांत आधी काढले जाते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने मात्र 2017 मध्येच, बर्बुलेस्कू खटल्यात, देखरेखीच्या आगाऊ आणि स्पष्ट सूचनेला महत्त्व दिले.

छोट्या कचेरीत एकच मेल, एकच पासवर्ड, तोही बहुधा मॉनिटरला चिकटवलेला. साहेब, अकाउंटंट, कालचा पोऱ्या, सगळे त्यातच. पाळत सर्वांवर आणि पुरावा कोणाविरुद्धच नाही, कारण मेल कोणी पाठवला हे लॉगिनवरून ठरत नाही. प्रकरण कोर्टात गेले तर नुसती प्रिंट चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार हॅश मूल्यासह (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा संकेतांक) प्रमाणपत्र जोडावे लागते. कर्मचाऱ्याचे लॉग-इन राहिलेले खाजगी जीमेल चाळणे तर मालकालाच महागात पडू शकते: परवानगीविना शिरकाव माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये येतो, आणि हेतू लबाडीचा असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

राजीनाम्याच्या आठवड्यात फायली स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करणे ही नेहमीची चूक. मायक्रोसॉफ्ट 365 च्या साध्या योजनेतही ऑडिटच्या नोंदी (कोणी, कधी, काय केले) 180 दिवस राहतात, म्हणजे नोटीस पीरियड संपून दुसरीकडे रुजू झाल्यावरही.