प्राचीन ग्रीकमधली प्राण्यांची नावं : घरची, उधारीची आणि जुळवलेली

संस्कृत थोडंफार येत असेल तर जुन्या ग्रीकमधले गोठ्यातले आणि अंगणातले प्राणी लगेच ओळखीचे वाटतात. गाय-बैलाला बूस म्हणजे आपलं गौ, कुत्र्याला क्यूऑन म्हणजे श्वन्, उंदराला म्यूस म्हणजे मूष, लांडगा ल्यूकोस म्हणजे वृक. हे शब्द एकमेकांकडून घेतलेले नाहीत, दोन्ही भाषांची आजी एकच, आणि हे विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात मांडलं तिथून या अभ्यासाला खरा वेग आला. घोडा मात्र जरा अवघड आहे, हिप्पोस आणि अश्व एकच असं सांगितलं तर कोणाला पटेल?

पण १९५२ मध्ये मायकल व्हेंट्रिसने लिनिअर बी ही जुनी ग्रीक लिहिण्याची लिपी उलगडली आणि सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर घोडा 'इ-क्वो' असा लिहिलेला सापडला, म्हणजे त्या 'क्व'चा पुढे 'प' झाला. (सुरुवातीचा 'हि' कुठून आला यावर तज्ज्ञ अजून भांडतायत.) मला सगळ्यात भारी वाटतात त्या क्रीट या ग्रीक बेटावरच्या क्नॉसॉसच्या पाट्या, कारण राजवाड्याच्या कारकुनाने हिशोबात चक्क बैलांची नावंसुद्धा टिपलीत, ऐवोलोस म्हणजे कबरा, केलाइनोस म्हणजे काळा, पोदार्गोस म्हणजे पांढऱ्या पायांचा, अगदी आपले ढवळ्या-पवळ्या. हेच पोदार्गोस नाव पुढे होमरच्या इलियड महाकाव्यात ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या घोड्याचं आहे.

लांबच्या प्राण्यांची गोष्ट वेगळी. एलेफास हा शब्द त्या पाट्यांवर आहे, पण तिथे तो हस्तिदंत, टेबल-खुर्च्यांवर जडवलेला. होमरमध्येही हस्तिदंतच. जनावर या अर्थाने तो इ.स.पू. पाचव्या शतकात इतिहासकार हिरोडोटसकडे दिसतो, म्हणजे आधी माल आला, नाव मालाला चिकटलं आणि हत्तीची ओळख नंतर झाली! उंटाचं कामेलोस सरळ सेमिटिक (हिब्रू, अरबीच्या कुळातल्या) भाषांमधून आलंय, हिब्रूत गामाल.

आणि शब्दच नसेल तर ग्रीक लोक हाताशी असलेलं नाव देऊन टाकायचे. इजिप्तमध्ये मगर बघितली तेव्हा आयोनियन ग्रीक लोकांना घराकडच्या दगडी कुंपणातले सरडे आठवले, त्यांना ते क्रोकोदेइलोस म्हणायचे, तेच नाव मगरीला, हे हिरोडोटसनेच लिहून ठेवलंय. पाणघोडा म्हणजे नदीचा घोडा, शहामृग चिमणी-उंट, जिराफ उंट-बिबट्या, आणि जिराफाच्या शास्त्रीय नावात ते कॅमेलोपार्डालिस आजही आहे.