म्योडलारॉइट

जर्मनीतील बव्हेरिया व थुरिंगिया या दोन राज्यांच्या सीमेवरील खेडे. लोकसंख्या सु. ५०. होफ शहराच्या उत्तरेस वसलेल्या या गावाच्या मधून टानबाख नावाचा लहान ओढा वाहतो आणि राज्यसीमा त्याच्याबरोबर जाते. नावातील ‘रॉइट’ हे अंत्यपद जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीचे वाचक आहे. अशा नावांची गावे सामान्यतः मध्ययुगीन मानली जातात.

गावाच्या विभागणीचा आरंभ शीतयुद्धात शोधण्याचा प्रघात असला, तरी ती बरीच जुनी आहे. सुमारे सोळाव्या शतकापासून हा ओढा बायरॉइटचे मार्गरेव्ह (तेथील सत्ताधीश सरदार) व रॉइस हे राजघराणे यांच्या प्रदेशांमधील सरहद्द मानला जाई. १८१० मध्ये बायरॉइट बव्हेरियाकडे आले व ओढ्याकाठी राज्यांची आद्याक्षरे कोरलेले सीमेचे दगड बसले. १९२० मध्ये रॉइस थुरिंगियात विलीन झाले. या सीमेचा गावकऱ्यांना व्यवहारात फारसा अडथळा नव्हता : शाळा व गुत्ता थुरिंगियाच्या बाजूला, तर प्रार्थनेला सगळे बव्हेरियातील त्योपेनला जात.

दुसऱ्या महायुद्धातील दोस्त राष्ट्रांच्या सप्टेंबर १९४४ च्या लंडन मसुद्याने जर्मनीतील त्यांच्या व्याप्त विभागांच्या हद्दी ठरविताना जर्मनीतील जुन्या प्रशासकीय सीमाच आधारभूत धरल्या. परिणामी पायाने ओलांडता येण्याजोगा हा ओढा अमेरिकी व सोव्हिएट विभागांमधील, आणि १९४९ पासून दोन जर्मन राष्ट्रांमधील, सीमा ठरला. मे १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने सीमेलगत १० मी. रुंदीचा नियंत्रण पट्टा, ५०० मी.चा संरक्षित पट्टा आणि ५ किमी.चे निर्बंधित क्षेत्र आखले. १९६६ मध्ये गावात सु. ७०० मी. लांब व ३.३ मी. उंच काँक्रीटची भिंत उभी राहिली. त्यावरून गावाला ‘छोटे बर्लिन’ हे नाव पडले. ९ डिसेंबर १९८९ रोजी पादचाऱ्यांसाठी वाट खुली झाली. १७ जून १९९० रोजी भिंत पाडण्यास प्रारंभ झाला. तिचा काही भाग स्थानिक संग्रहालयाने राखून ठेवला आहे.

एकीकरणानंतरही गावाचा कारभार एक झालेला नाही. त्याला स्वतःची परिषद नाही : थुरिंगियाचा भाग जाले-ओर्ला जिल्ह्यातील गेफेल या नगराकडे, तर बव्हेरियाचा होफ जिल्ह्यातील त्योपेनकडे मोडतो. गेफेलच्या परिषदेची मुदत पाच वर्षे, त्योपेनच्या परिषदेची सहा. टपालाचे क्रमांकही अनुक्रमे ०७९२६ व ९५१८३ असे वेगळे आहेत.