स्नॅपशॉट डिलीट केला की डेटा जातो?

नाशिकमधल्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत जुना सर्व्हर हलवायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘स्नॅपशॉटला हात लावू नका, तोच आपला बॅकअप. डिलीट केला तर तेव्हापासूनचा डेटा जाईल.’ स्नॅपशॉट म्हणजे सर्व्हरची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं, म्हणजे नंतर तिथे मागे फिरता येतं. पण या वाक्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या.

व्हीएमवेअरमध्ये (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल गोठते आणि पुढचं सगळं लिखाण शेजारच्या डेल्टा फाइलमध्ये जातं. मूळ फाइल गेली तर एकटी डेल्टा काही कामाची नाही. मग बॅकअप कसला? आणि मेनूतून ‘डिलीट’ केलं की डेल्टातला डेटा मूळ डिस्कमध्ये मिसळतो. आजची स्थिती तशीच राहते, जाते ती फक्त मागे फिरायची सोय. डेटा खरा जातो ‘रिव्हर्ट’ केल्यावर, म्हणजे स्नॅपशॉटच्या क्षणाला मागे फिरल्यावर. किंवा एखादा शहाणा जागा मोकळी करायला डेल्टा फाइल थेट डेटास्टोअरमधून (या फाइली जिथे साठतात तिथून) उडवतो तेव्हा.

आमची फसगत वेगळीच झाली. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही फक्त मूळ डिस्क कॉपी केली, आणि नव्या सर्व्हरवर टॅली उघडली ती दीड वर्षापूर्वीची! मधलं सगळं डेल्टात. जुना सर्व्हर अजून पुसला नव्हता, म्हणून वाचलो.

तेव्हा आधी वेगळ्या डिस्कवर खरा बॅकअप, मग स्नॅपशॉट डिलीट, मगच हलवाहलव. डेल्टा फुगलेली असेल तर मिसळायला तासन्‌तास लागतात. कारखान्याच्या सुट्टीचा दिवस धरा आणि मध्येच बंद करू नका. एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं खुद्द व्हीएमवेअरच सांगते.