ऊन तापलं की सोलर का सुस्तावतं?

मे महिन्यात नागपूरला काकांकडे गेलो होतो. दुपारी साडेबाराला त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. गच्चीवरचं तीन किलोवॅटचं सोलर सव्वादोन दाखवत होतं. "फेब्रुवारीत याच वेळेला अडीचच्या वर जायचं. आता एवढं ऊन तापतंय अन् हे बघ! फसवलं रे आपल्याला."

फसवलं कोणी नव्हतं. पॅनेल चालतं उजेडावर. उष्णता उलट त्याच्या मुळावर येते. पॅनेलमागे छापलेले वॅट 25 अंशांना मोजलेले असतात, तेही हवेच्या नव्हे तर आतल्या सिलिकॉनच्या तापमानाला. बाहेर 45 अंश असले की काचेखालचं सिलिकॉन सहज 65 गाठतं आणि दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते.

का? सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन बंधांत अडकलेले असतात. तिथून सुटून मोकळं फिरायला 1.12 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. हाच तो बारावीत पाठ केलेला बँड गॅप, म्हणजे ऊर्जेची फट. खोलीच्या तापमानाला उष्णतेचा सरासरी धक्का जेमतेम 0.026 चा, म्हणजे फट त्याच्या चाळीसपटीहून मोठी. पण उष्णता सगळ्यांना सारखी वाटली जात नाही, म्हणून थोडे नशीबवान सुटतातच. किती? शुद्ध सिलिकॉनमध्ये सुमारे पाच लाख कोटी अणूंमागे एक.

आता माझी आवडती गोष्ट. 25 वरून 65 अंश म्हणजे केल्व्हिनमध्ये 298 वरून 338, वाढ फक्त 13 टक्के. सुटणारे इलेक्ट्रॉन मात्र पंधरापटीच्या आसपास वाढतात! कारण तापमान इथे घातांकात बसलंय: 'इ'चा घात, वजा फट भागिले दोन केटी (केटी म्हणजे वरचा तोच उष्णतेचा सरासरी धक्का, तापमानासोबत वाढणारा). तो दोन कुठून आला? इलेक्ट्रॉन सुटला की मागे रिकामी जागा, म्हणजे होल उरतो; ही जोडी फटीचा खर्च निम्मा निम्मा वाटून घेते. तांब्याची तार तापली की वीज अडते, सिलिकॉनसारखा अर्धवाहक तापला की सुटते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाला हे सिल्व्हर सल्फाइडमध्ये 1833 सालीच दिसलं होतं. इलेक्ट्रॉन सापडायला तेव्हा अजून 64 वर्षं होती.

(याच सिलिकॉनला ऑक्सिजन जोडला की क्वार्ट्ज, म्हणजे स्फटिक. त्याची फट नऊ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात. तिथे खोलीच्या उष्णतेनं अख्ख्या माळेत एकही इलेक्ट्रॉन सुटायचा नाही. 'ऊर्जा देणाऱ्या' स्फटिकमाळा विकणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.)

मग सुटे इलेक्ट्रॉन वाढल्यावर वीज वाढायला हवी ना? इथेच घोळ होतो. गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. वरून नळ सोडलाय, तळाला भोक आहे. गळती आवकीएवढी होईपर्यंत पाणी चढतं, मग थांबतं. नळ म्हणजे उजेडानं सोडवलेले इलेक्ट्रॉन, पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज आणि भोक म्हणजे पी-एन जंक्शनमधून, सेलमधल्या दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्यातून, उलट वाहणारा प्रवाह. ही गळती त्या पंधरापटीच्या वर्गानं वाढते, म्हणजे दोनशेपटीच्या वर! तरी पाणी तळाला जात नाही, कारण उंची वाढली की या टाकीतली गळतीही घातांकानंच वाढते. दोन घातांक एकमेकांना खातात आणि उरतो दर अंशामागे प्रत्येक सेलचा दोनेक मिलिव्होल्टचा तोटा. 40 अंशांना 80 मिलिव्होल्ट. सेल मुळात 0.6-0.7 व्होल्टचा, आणि पॅनेलमध्ये असे 72 सेल एकापुढे एक जोडलेले असले की पावणेसहा व्होल्ट गेले. करंट किंचित वाढतो, पण त्यानं ही तूट भरून निघत नाही.

काकांना मी टाकीपर्यंतच नेलं, 'केटी'ला ते चहा करायला उठले. परत आल्यावर त्यांनी विचारलं, पाइप लावून पॅनेलवर गार पाणी मारू का? भर दुपारी तापलेल्या काचेवर नको, तडकू शकते. पॅनेल उंच स्टँडवर बसवतात ते खालून वारा खेळावा म्हणून. काकांनी तिथे दोन जुने कूलर, त्यांचं वाळ्याचं गवत आणि मोडकी खाट रचून ठेवली आहे.