‘फर्ममध्ये लागला’ म्हणजे नेमकं कुठे लागला? आर्टिकलशिप आणि सीएच्या ऑफिसातली नोकरी

बडोद्याच्या एमएसयूतून (महाराजा सयाजीराव विद्यापीठातून) बी.कॉम. झालेला मुलगा रावपुऱ्यातल्या एखाद्या सीएच्या ऑफिसात जायला लागला, की दांडिया बाजारातल्या घराघरांत एकच बातमी पोहोचते: ‘फर्ममध्ये लागला.’ अर्ध्या नातेवाइकांना वाटतं, आता हा सीए होणार. उरलेल्यांना वाटतं, पगार सुरू झाला, स्थळं बघायला हरकत नाही. एकाच वेळी दोन्ही खरं असणं अवघड.

घोळ होतो कारण टेबलावरचं काम दोघांचं सारखंच असतं. आर्टिकल (सीए होण्यासाठी एखाद्या सीएकडे आर्टिकलशिपचं प्रशिक्षण घेणारा विद्यार्थी) असो की पगारी असिस्टंट, सुरुवातीचे महिने व्हाउचर तपासणं, बँक स्टेटमेंट जुळवणं, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्र्या मारणं यातच जातात. 7 तारखेला टीडीएसचं (कापून ठेवलेल्या आयकराचं) चलन, 11 ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न म्हणजे जीएसटीआर-1, 20 ला कर भरायचं 3बी. त्याआधी मकरपुऱ्याच्या कारखानदाराकडची खरेदीची बिलं 2बीशी (विकणाऱ्यांच्या रिटर्नवरून तयार होणाऱ्या जीएसटीच्या यादीशी) ताडून बघायची आणि ज्या पार्टीने रिटर्नच भरलं नाही तिच्या मागे लागायचं. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखांचं ऑडिट, पुढे टॅक्स ऑडिट, मधूनमधून मराठी मंडळांच्या ट्रस्टचे हिशोब. शेवटी अहवालावर सही दोघांपैकी कुणाचीच नसते. ती प्रॅक्टिस करणाऱ्या सीएची, आणि 2019 पासून तिच्यासोबत यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा वेगळा ओळख क्रमांकही लागतो.

फरक कागदात आहे. आर्टिकलशिप हा प्रशिक्षणाचा करार आहे आणि तो इन्स्टिट्यूटकडे म्हणजे सीएंच्या संस्थेकडे, आयसीएआयकडे नोंदवावा लागतो. फॉर्म 102 हा प्रिन्सिपल (प्रशिक्षण देणारा सीए) आणि विद्यार्थी यांच्यातला करार, फॉर्म 103 ही त्याची नोंदणी, आणि ती प्रशिक्षण सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पाठवायची. नोकरीत हे काहीच नसतं. तिथे नेमणूकपत्र असतं, निदान असायला हवं. लहान ऑफिसांत तेही बरेचदा तोंडीच उरकतात. ते लेखी मागायला लाजू नका, पुढच्या नोकरीत अनुभव दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

नव्या मुलांची फसगत होते ती एका ठरावीक वाक्याने: ‘सहा महिने काम करून बघ, मग रजिस्टर करू.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण ते सहा महिने आर्टिकलशिपमध्ये धरले जात नाहीत. ऑफिसात कुणी कितीही वर्षं राबलेलं असो, इन्स्टिट्यूट मोजते ती नोंदवलेली मुदत. याच्या उलटा प्रकार म्हणजे डमी: कागदावर आर्टिकल आणि मुलगा भलतीकडेच. उघडकीला आलं तर विद्यार्थ्याचं प्रशिक्षण रद्द होऊ शकतं आणि प्रिन्सिपलवर शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. या भानगडीत पडू नये, ओळखीचे काका असले तरी.

ग्रॅज्युएट झालेल्यांसाठी आणखी एक गोष्ट बदलली आहे, आणि घरातला मोठा दादा सल्ला देताना हमखास तिथेच चुकतो. त्याच्या वेळी डायरेक्ट एंट्रीवाल्याला (ग्रॅज्युएट होऊन थेट येणाऱ्याला) सीएची मधली परीक्षा, म्हणजे इंटर, पास न होताही, सुरुवातीचा छोटा कोर्स करून, आर्टिकलशिपला बसता यायचं. आधी प्रशिक्षण, नऊ महिन्यांनी परीक्षा, एकूण मुदत तीन वर्षं. जुलै 2023 पासून लागू झालेल्या योजनेत हा क्रम उलटला. कॉमर्सला 55 टक्के किंवा इतर शाखेत 60 टक्के असतील तर फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, सुटतं आणि थेट इंटरला नाव नोंदवता येतं, शेवटच्या वर्षाला असताना तात्पुरतं सुद्धा. मात्र त्यानंतर आठ महिने अभ्यास, इंटरचे दोन्ही ग्रुप (विषयांचे गट) पास, आयसीआयटीएसएस या कॉम्प्युटर आणि ओळखवर्गाच्या कोर्सचे चार आठवडे, आणि मगच आर्टिकलशिप. मुदत आता दोन वर्षं. इंटर वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या सुमारास, त्यामुळे एक संधी हुकली तरी वर्ष वाया जात नाही.

म्हणजे परवा निकाल लागलेल्या बी.कॉम.ने उद्या कुणा सीएला ‘आर्टिकल म्हणून घ्या’ म्हटलं, तर त्याला नकारच मिळणार. ऑफिसात आजपासून बसायचंच असेल तर तो असिस्टंट म्हणून. इंटरचा अभ्यास चालू असताना अशी नोकरी करायला बंदी नाही. माझं मत विचाराल तर अभ्यासाच्या काळात पूर्ण वेळ नोकरी करू नये. रिटर्नच्या तारखा डोक्यावर असताना रात्री आठ वाजता घरी येऊन कॉस्टिंगची गणितं सुटत नाहीत. घरची गरज असेल तर अर्ध्या दिवसाचं काम शोधावं.

पैशांचा हिशोब असा. आर्टिकलला पगार नाही, स्टायपेंड मिळतो. त्याची किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येवर ठरते. बडोदा 4 ते 20 लाखांच्या मधल्या गटात येतं, म्हणून मुंबई-अहमदाबादपेक्षा कमी. किमानपेक्षा जास्त द्यायला प्रिन्सिपलला कुणी अडवलेलं नाही, तेव्हा विचारून बघावं. कामाचे तास आठवड्याला 35 धरलेले आहेत, हंगामात ते पाळले जातात असं समजू नका. नोकरीत पगार बोलून ठरतो, दरवर्षी वाढ मागता येते, आणि ऑफिसात 20 किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो. सोडण्याचंही तसंच. नोकरी नोटीस देऊन सोडता येते. आर्टिकलशिप मध्येच मोडायची तर सबळ कारण, प्रिन्सिपलची संमती आणि फॉर्म 109 लागतो.

सीए व्हायचं नसेल तर? मग नोकरी हा कमीपणा नाही. ज्याला जीएसटी, टीडीएस आणि बॅलन्स शीट हाताळता येते, त्याला नंदेसरी-सावलीच्या कंपन्यांच्या अकाउंट्स विभागात जागा मिळते, आणि गुजराती पार्टीशी त्यांच्याच भाषेत बोलणारा बडोद्याचा मराठी मुलगा तिथे चांगला चालतो. फक्त फर्म निवडताना विचारा की रिटर्न आणि ऑडिट दोन्ही बघायला मिळेल का. वर्षभर नुसत्या टॅलीच्या एंट्र्या मिळणार असतील तर दुसरीकडे बघा.

नोकरी करता करता इंटर निघाली तर त्याच ऑफिसात आर्टिकल होता येतं, प्रिन्सिपलकडे जागा शिल्लक असेल तर. एका सीएला किती आर्टिकल ठेवता येतात याला मर्यादा असते. त्या दिवशी पगार थांबून स्टायपेंड सुरू होतो आणि दोन वर्षं शून्यापासून मोजली जातात. तेव्हा घरचा हप्ता कोण भरणार, ते फॉर्म 102 वर सही करण्याआधी घरात बसून ठरवून घ्या.