वास्तवदर्शी नेपथ्य : नागपूरच्या विद्यार्थी रंगभूमीवरील बांधणी व रंगकाम

नाटकातली जागा प्रत्यक्षात जशी असते तशी रंगमंचावर उभी करण्याची पद्धत म्हणजे वास्तवदर्शी नेपथ्य. घर, कचेरी, वाडा, सरकारी क्वार्टर यांपैकी काहीही असो, भिंतींना उंची हवी, दारांना बिजागऱ्या हव्यात, खिडकीबाहेर काहीतरी दिसायला हवे आणि पात्रे तिथे राहतात याच्या खुणा हव्यात. नागपुरात आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आणि स्नेहसंमेलने यांसाठी असा सेट बहुतेक वेळा विद्यार्थीच बांधतात व रंगवतात. सुताराला हात लावू देतात तो दारापुरता. व्यावसायिक नाटकाचा सेट महिनोन्‌महिने गावोगाव फिरतो, विद्यार्थ्यांचा एक-दोन प्रयोगांत संपतो. त्यामुळे पैसा आणि मेहनत कुठे घालायची, कुठे हात आखडायचा, हे ठरवणे हेच इथल्या नेपथ्यकाराचे मुख्य काम. दार आणि डाग या दोन गोष्टी जमल्या तर बाकीच्या उणिवा प्रेक्षक चालवून घेतो.

पार्श्वभूमी : संगीत नाटकांच्या काळात स्थळ दाखवण्याचे काम रंगवलेले पडदे करीत. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ असे ठरावीक पडदे नाटक मंडळ्यांजवळ असत. कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव पेंटर या भावंडांच्या पिढीतील चित्रकारांनी या कामाला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. तीन भिंतींची बंदिस्त खोली, म्हणजे बॉक्स सेट, युरोपात एकोणिसाव्या शतकातच रुळली होती. मराठीत ती ठळकपणे आली ती १९३३ साली, ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने. तेव्हापासून मध्यमवर्गीय दिवाणखाना मराठी रंगमंचावर ठाण मांडून बसला आणि बराच काळ उठलाच नाही.

विदर्भात मात्र पडदा हद्दपार झाला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमीवर दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर चालणारी नाटके होतात, वडसा (देसाईगंज) हे तिचे केंद्र आहे आणि रंगवलेले पडदे तिथे आजही वापरात आहेत. नागपूरच्या महाविद्यालयांत शिकायला येणारी अनेक मुले हेच पडदे पाहत वाढलेली असतात. पडद्यावर रंगवलेल्या खांबाची सावली कशी पडते हे त्यांना न शिकवता कळते. फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचे कापडी तुकडे, रंगवताना ही समज फार उपयोगी पडते, आणि क्वचित नडतेही: पडद्याच्या सवयीने सगळेच रंगवून दाखवण्याचा मोह होतो.

शहरात नाटककार-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर आणि त्यांची संस्था रंजन कला मंदिर यांनी हौशी व बालरंगभूमीवर अनेकांना घडवले. सीताबर्डीवरील विदर्भ साहित्य संघाचे धनवटे रंगमंदिर हा कित्येक वर्षे नागपूरच्या नाट्यव्यवहाराचा पत्ता होता. नागपूरकर महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने (१९८५) विदर्भातल्या खेड्यातला ढासळता वाडा आणि अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर रंगमंचावर आणला. वैदर्भीय घर दाखवायचे म्हटले की पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांपुढे तोच वाडा येऊ लागला. इतका, की गोष्ट शहरातल्या त्रिमूर्तीनगरच्या सदनिकेतली असली तरी एखादा खांब उभा केल्याशिवाय मुलांचे समाधान होत नाही.

आराखडा : सुरुवात सभागृहापासून होते. रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह (उद्‌घाटन २०१७) सुमारे २,००० आसनांचे आहे. मागच्या रांगेतून भिंतीवरचा बारीक पोत दिसतच नाही, मोठे आकार आणि ठळक छटाच पोहोचतात. लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सोसायटीच्या लहान सभागृहात उलट परिस्थिती असते, तिथे पहिल्या रांगेतल्या माणसाला खिळ्याचे डोके दिसते. एकच सेट दोन्हीकडे न्यायचा असेल तर रंगकाम लहान सभागृहासाठी आणि रचना मोठ्या सभागृहासाठी करावी.

जमिनीचा नकाशा बहुधा अर्धा इंच बरोबर एक फूट या प्रमाणात काढतात आणि त्यावरून पुठ्ठ्याचे मॉडेल करतात. दोन्ही बाजूंच्या भिंती प्रेक्षकांकडे थोड्या उघडत्या ठेवाव्या लागतात. त्या काटकोनात उभ्या केल्या तर कडेच्या खुर्च्यांवरून निम्मी खोली दिसत नाही. पहिल्या रांगेतल्या दोन टोकांच्या खुर्च्यांपासून नकाशावर सुतळी किंवा रेघ धरून पाहिली की कोणती पात्रे कुठे झाकली जातात हे लगेच कळते. हे काम तालमी सुरू होण्याआधी व्हायला हवे. प्रत्यक्षात ते प्रयोगाच्या आठवड्यात होते आणि मग दिग्दर्शक व नेपथ्यकार यांची भांडणे होतात.

पूर्ण घर दाखवण्यापेक्षा घराचा एक कोपरा नेटका बांधणे विद्यार्थ्यांना परवडते आणि शोभतेही. ओसरी आणि माजघराचे दार एवढे खरे असले की बाकीचा वाडा प्रेक्षक स्वतः पूर्ण करतो. छपराची कवेलू (कौले) पुढच्या कडेला दोन ओळी दाखवली तरी पुरतात. ती पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या चिरून किंवा कागदाच्या लगद्याने करतात.

बांधणी : सेटचा मूळ घटक म्हणजे फ्लॅट. लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये एक आडवी पट्टी, कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोणी तुकडे आणि वर ताणलेला मांजरपाट. आठ बाय चार फूट हे माप सर्वांत सोयीचे; प्लायच्या शीटचे माप तेच असते आणि असा फ्लॅट छोट्या हत्तीत, म्हणजे लहान मालवाहू टेम्पोत, नेता येतो. वाड्यासाठी दहा फूट उंची लागते, तेव्हा वरचा दोन फुटांचा तुकडा वेगळा करून जोड तुळईच्या पट्टीखाली लपवतात. लाकूड लकडगंजातून येते. तिथल्या आरा मशीनवर हव्या त्या मापाच्या पट्ट्या चिरून मिळतात. पट्टी घेताना ती डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून पाहावी, पीळ असलेली पट्टी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. पिळलेला फ्लॅट शेजारच्या फ्लॅटशी कधीच जुळत नाही आणि फटीतून मागचा उजेड दिसतो.

मांजरपाट चौकटीवर पसरून आधी मध्यावर, मग कोपऱ्यांकडे जात चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकतात. फार ताणू नये. खळ आणि पहिला हात बसल्यावर कापड स्वतःच आवळते, आणि आधीच ताणलेले असले तर हलकी चौकट वाकते. जुनी मंडळी चिंचोक्याची किंवा मैद्याची खळ वापरत व तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. आता पाणी घातलेले फेव्हिकॉल सर्रास चालते. नागपुरात हवामानाचा हिशेब धरावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा ब्रश बादलीतून भिंतीपर्यंत येईतो रंग घट्ट होतो, दोन छटा ओल्या असतानाच एकमेकींत मिसळणे जमत नाही. पावसाळ्यात उलट. आदल्या रात्रीचा हात सकाळी चिकट असतो आणि सरस लावलेले कापड ओलाव्याने सैल पडते.

फ्लॅट मागून त्रिकोणी ब्रेस, म्हणजे टेकू, लावून उभे राहतात. अनेक सभागृहांत मंचाच्या लाकडात खिळे ठोकू देत नाहीत, म्हणून ब्रेसवर वाळूच्या गोण्या ठेवतात. दोन फ्लॅट जोडायला काढता येणाऱ्या पिनेची बिजागरी सर्वांत चांगली: पिन घातली की जोड, काढली की मोकळे. स्पर्धेत एकामागून एक संघ असतात आणि मंच मोजकी मिनिटेच मिळतो. फ्लॅटच्या मागे खडूने क्रमांक, मंचावर टेपच्या खुणा आणि कोण कोणता फ्लॅट उचलणार याची ठरलेली वाटणी, एवढे असल्याशिवाय वेळेत सेट लागत नाही. सेट लावण्याची वेगळी तालीम घेणारे संघ थोडे; पण त्यांना प्रयोगाआधी धापा टाकाव्या लागत नाहीत.

दार हा साऱ्या सेटचा कस. नटाने रागाने दार आपटले आणि भिंत थरथरली की सभागृहात हशा पिकतो, मग पुढचा गंभीर प्रसंग कितीही चांगला वठवला तरी गेलेला परिणाम परत येत नाही. म्हणून दाराची चौकट कापडी फ्लॅटला न टांगता स्वतंत्र उभी करतात, तिला दोन्ही बाजूंनी ब्रेस देतात आणि तळाशी उंबरठ्याच्या जागी लोखंडी पट्टी मारून पाय फाकू देत नाहीत. दार शक्यतो मंचाच्या बाहेरच्या बाजूला उघडावे; त्याने अभिनयाची जागा अडत नाही. त्यामागे आणखी एक फ्लॅट उभा करून बोळ किंवा आतली खोली सुचवतात, नाहीतर विंगेत चहा पिणारा मित्र प्रेक्षकांना दिसतो. पाडकामातून निघालेले सागवानी दार मिळाले तर उत्तमच, फक्त त्याचे वजन आधी चौघांनी उचलून पाहावे.

जाडी ही दुसरी महत्त्वाची बाब, आणि हीच सर्वांत जास्त वेळा राहून जाते. फ्लॅटची जाडी इंचभर असते, पण विटांची भिंत नऊ इंचांची आणि वाड्यातली मातीची भिंत त्याहून किती तरी रुंद. दार, खिडकी, कोनाडा यांच्या कडेला आतल्या बाजूने प्लायची किंवा पुठ्ठ्याची पट्टी लावून ही रुंदी दाखवली की कापडाची भिंत एकदम वजनदार होते. वाड्याच्या खिडकीला दीड फूट खोली द्यावी. पात्र तिथे कोपर टेकवून बसू शकले तर नटालाही एक जागा मिळते.

रंगकाम : आधी खडूची भुकटी आणि सरस, किंवा पांढऱ्या डिस्टेंपरचा पातळ हात. त्यावर मूळ रंग. तो एकसारखा कधीच लावू नये. एकाच रंगाच्या दोन-तीन जवळच्या छटा रुंद ब्रशने ओल्यातच एकमेकींत मिसळाव्यात. सपाट रंगवलेला फ्लॅट दिव्याखाली रंगवलेल्या कापडासारखाच दिसतो. डिस्टेंपर ओला असताना गडद आणि वाळल्यावर फिका होतो, म्हणून छटा वाळलेल्या तुकड्यावरून ठरवावी. ऑइल पेंट शक्यतो टाळतात, तो चकाकतो आणि दिव्याची झळक थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते. अपवाद आहे तो जुन्या घरांतल्या चार फूट उंचीच्या तेलरंगी पट्ट्याचा. तिथे थोडी चकाकी खरीच असते.

यानंतर डाग. ब्रश हातावर आपटून शिंतोडे उडवले की लांबून भिंतीला रवाळपणा येतो. जवळजवळ कोरडा ब्रश खरखरीत फिरवला की गिलाव्याचे उंचवटे उठतात. लाकडाच्या रेषा जुन्या कंगव्याने ओढता येतात. पावसाची ओल दाखवायला वरच्या कडेला अगदी पातळ तपकिरी पाणी सोडून ते आपोआप ओघळू द्यावे, हाताने रंगवलेला ओघळ लगेच ओळखू येतो. मातीच्या भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा, त्यावर खार फुटल्यासारखे पांढुरके फटकारे. पण हे सगळे डाग कुठे पडतात याचा विचार केला नाही तर घर जुने दिसत नाही, नुसते घाणेरडे दिसते. दिवाणावर आजोबा टेकून बसत असतील तर भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या उंचीला तेलकट गोल हवा. स्विचच्या काळ्या बोर्डाभोवती बोटांचा मळ असतो, पण तो बटणाच्या खालच्या बाजूला जास्त. कडीच्या खाली लाकूड अर्धवर्तुळात घासलेले असते. काढून टाकलेल्या फोटोच्या जागी मूळ रंगाचा चौकोन ताजा राहिलेला असतो, आणि नाटकात कुणी गेलेले असेल तर या चौकोनाएवढे बोलके नेपथ्य दुसरे नाही.

वस्तूंच्या बाबतीत काळाचे भान ठेवावे लागते. १९६० सालच्या घरात ‘कालनिर्णय’ लटकवणे ही नेहमीची चूक. त्या दिनदर्शिकेचे प्रकाशन १९७३ पासूनचे. नागपूरचा उन्हाळा दाखवायचा असेल तर खिडकीत कूलर किंवा, गोष्ट जुनी असेल तर, वाळ्याची ताटी. कूलर खरा आणला तरी पाणी भरून चालवू नये, त्याच्या आवाजात संवाद बुडतात.

प्रकाशयोजनाकाराला रंगकाम सुरू असतानाच बोलवावे. पिवळसर जेलखाली (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाखाली) निळसर चुन्याची भिंत राखाडी पडते आणि रात्रीच्या निळ्या प्रकाशात गेरू जवळजवळ काळा होतो. रंगवलेल्या सावल्या आणि दिव्याच्या सावल्या एकाच दिशेने पडल्या पाहिजेत. खिडकी डावीकडे असताना खांबाची रंगवलेली सावलीही डावीकडेच गेलेली अनेक स्पर्धांत दिसते.

थर्माकोल कोरून विटा किंवा कोरीव खांब करण्याची पद्धत बरीच रूढ होती. थिनर असलेला रंग लावला की थर्माकोल विरघळतो, हे प्रत्येक नव्या तुकडीला बहुधा नव्यानेच कळते. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाल्यानंतर पुठ्ठा आणि कागदाचा लगदा यांकडे कल वाढावा हे योग्यच. लगदा तापल्या दिव्यांजवळही वितळत नाही, पेट मात्र घेऊ शकतो. कापड, कागद, सुके लाकूड आणि तापलेले दिवे एकत्र असतात, त्यामुळे टाकणखार व बोरिक पावडरचे पाणी फ्लॅटच्या मागच्या बाजूने फवारणे, दिवे कापडापासून दूर बांधणे आणि विंगेत अग्निशामक नळकांडे ठेवणे आवश्यक मानले जाते.

प्रयोगानंतर फ्लॅट धुऊन किंवा वरून पांढरा हात देऊन पुन्हा वापरतात. चार-पाच नाटकांनंतर डिस्टेंपरचे थर पोपडे धरतात, तेव्हा कापड उतरवून चौकट तेवढी ठेवतात. फ्लॅट आडवे एकावर एक न रचता कडेवर उभे ठेवावेत, नाहीतर खालच्यांच्या कापडाला झोळ येतो. चांगले बांधलेले दार सहसा फार दिवस एका ठिकाणी राहत नाही. पुढच्या स्पर्धेत ते दुसऱ्याच कॉलेजच्या सेटमध्ये, वेगळ्या रंगात उभे दिसते.