तांबड्या रश्श्यात सोया सॉस: भेसळ की गुणाकार?

आखाडातल्या शेवटच्या रविवारी आमच्या कोल्हापूरच्या घरात एक गुन्हा घडला. आत्याची पाठ वळल्याचं बघून पुतण्यानं तांबड्या रश्श्याचं पातेलं दोन भांड्यांत वाटून घेतलं आणि एकात सोया सॉस ओतला. फार नाही, दीड लिटर रश्श्याला दोन चहाचे चमचे. मग न सांगता दोन वाट्या आत्यापुढे ठेवल्या. तिनं दोन्ही भुरकल्या, दुसरी परत भुरकली आणि म्हणाली, "ह्यात मटण ज्यादा पडलंय बघ."

गुन्हा उघडकीला आल्यावर "बाटवलास की रे रस्सा!" वगैरे झालं, त्यात मी पडत नाही. एका माणसानं एकदा चाखणं म्हणजे प्रयोग नव्हे, हेही मान्य. पण तिच्या त्या वाक्यापाशी मी अडकलो. सॉस पडला होता सोयाबीनचा. मग तिला मटण ज्यादा का लागलं?

त्याआधी बाटण्याबद्दल थोडंसं. ज्या मिरचीवर तांबड्या रश्श्याचं नाव उभं आहे, ती मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि त्यांच्या जहाजांबरोबर मिरची आपल्याकडे आली. त्याआधी इथला तिखटपणा मिरीचा आणि पिंपळीचा. शिवाय मसाल्यातलं दगडफूल हे फूलही नाही आणि झाडही नाही. ते आहे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. खडकावरचं आणि झाडाच्या सालीवरचं असलं काहीतरी खरवडून पातेल्यात टाकणारा पहिला माणूस माझ्या पुतण्यापेक्षा धाडसी असणार. तेव्हा 'मूळ पारंपरिक' या शब्दांवर मी फारसा वेळ घालवत नाही.

आता मुद्द्याचं. तांबडा असो की पांढरा, दोन्ही रश्श्यांचा पाया एकच: अळणी. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवलं की जे पाणी सुटतं ते. (मीठ घालूनही त्याला अळणी का म्हणतात, हे भाषातज्ज्ञांनी बघावं.) या पाण्याला एक चव असते, जी खारट नाही, आंबट नाही, गोड नाही आणि कडू तर नाहीच. आपण तिला 'दाट लागतं', 'अंगाला लागतं' असं काहीतरी म्हणतो. टोकियोच्या विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून या चवीचा पदार्थ वेगळा काढला. तो निघाला ग्लुटामेट, आणि चवीला त्यानं नाव दिलं उमामी. पुढे १९१३ मध्ये त्याचा विद्यार्थी शिंतारो कोदामा यानं सुकवलेल्या बोनिटो माशातून दुसरा पदार्थ शोधला, इनोसिनेट. तिसरा ग्वानिलेट. तो १९५७ च्या सुमारास अकिरा कुनिनाका यांनी पुढे आणला आणि वाळवलेल्या शिताके अळंबीत तो सापडतो. पण कुनिनाकांचं खरं मोठं काम वेगळं. ग्लुटामेट आणि इनोसिनेट-ग्वानिलेट या दुसऱ्या जातीतला एखादा पदार्थ एकत्र आला की चवीची बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी उसळते, हे त्यांनी दाखवलं.

मटणात यातलं काय असतं? जिवंत स्नायूची ऊर्जा एटीपी या रेणूत साठवलेली असते, हे शाळेत झालंय. जनावर कापलं की प्राणवायू बंद, नवं एटीपी तयार होणं बंद, पण असलेलं एटीपी खर्च होत राहतं. एटीपीचं एडीपी, एडीपीचं एएमपी, आणि एएमपीमधला अमोनियाचा तुकडा निघाला की इनोसिनेट. ही उतरंड काही तासांत बरीचशी पार होते. पुढे इनोसिनेटचंही विघटन होतं आणि शेवटी किंचित कडवट हायपोझँथिन उरतं. मासा किती ताजा आहे हे जपानमध्ये याच उतरंडीवरून मोजतात. म्हणजे अळणी पाण्यात इनोसिनेट चांगलं उतरलेलं असतं. ग्लुटामेटचं मात्र अडतं. मटणाच्या प्रथिनांत ते भरपूर असतं, पण साखळीत बांधलेलं, आणि बांधलेल्या ग्लुटामेटला चव नसते. दोन तास रटरटवूनही त्यातलं थोडंच सुटं होतं. सोया सॉसमध्ये हे सोडवण्याचं काम महिनोन्महिने आधीच झालेलं असतं. अ‍ॅस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी सोयाबीन आणि गव्हाच्या प्रथिनांचे तुकडे पाडून ठेवते.

एकीकडे इनोसिनेट, दुसरीकडे सुटं ग्लुटामेट. आता दोघांची गाठ जिभेवर पडते, आणि माझ्या मते सगळ्या पाकशास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट इथं घडते.

चवीच्या पेशीच्या पृष्ठभागावर उमामीचा ग्राही, म्हणजे त्या चवीचा रेणू पकडणारा सापळा, असतो. दोन प्रथिनं शेजारी शेजारी चिकटलेली, टी१आर१ आणि टी१आर३. यातलं टी१आर३ गोड चवीच्या ग्राहीतही असतं, म्हणजे हा कारागीर दोन दुकानांत कामाला. टी१आर१ चा पेशीबाहेरचा भाग उघड्या शिंपल्यासारखा असतो. ग्लुटामेटचा रेणू शिंपल्याच्या आत, बिजागरीजवळ जाऊन बसतो आणि शिंपला मिटतो. मिटला की पेशीच्या आत संदेश जातो. पण ग्लुटामेटची पकड ढिली असते. शिंपला मिटतो, उघडतो, रेणू निसटतो, पुन्हा दुसरा येतो. इनोसिनेट आत शिरतच नाही. ते बसतं शिंपल्याच्या ओठांपाशी. त्याच्या फॉस्फेटच्या टोकावर ऋण भार असतो आणि दोन्ही शिंपांच्या काठावर धन भाराची अमिनो आम्लं असतात. ती एरवी एकमेकांना लोटतात, पण मधल्या ऋण भाराला दोन्हीकडून धरतात. ग्लुटामेटनं दार लोटायचं आणि इनोसिनेटनं कडी घालायची. दार आधी लोटलेलंच नसेल तर कडी कशाला घालणार? म्हणूनच नुसतं इनोसिनेट जिभेवर जवळजवळ मुकं असतं. जी थोडी चव येते, तिला आपल्या लाळेतलं ग्लुटामेट हातभार लावतं. ही कडीची व्यवस्था २००८ मध्ये ग्राहीचे एकेक अमिनो आम्ल बदलून तपासली गेली.

याचं गणितही आहे, आणि ते रेणूंच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, शिझुको यामागुची यांनी माणसांना पाण्यातली द्रावणं चाखायला देऊन बसवलं:

उमामी = ग + १२१८ × ग × न

ग म्हणजे १०० मिलिलिटरमधलं ग्लुटामेट ग्रॅममध्ये, न म्हणजे तितक्याच पाण्यातलं इनोसिनेट. उत्तर येतं ते 'नुसतं ग्लुटामेट किती घातलं असतं तर एवढी चव आली असती' या मापात. समजा ग ०.०५ आणि न ०.०२. नुसत्या ग्लुटामेटची चव ०.०५ च. दोन्ही एकत्र केले तर ०.०५ + १२१८ × ०.०५ × ०.०२, म्हणजे १.२६८. पंचवीस पट! आता ग दुप्पट केलं तर इनोसिनेट नसलेल्या पाण्यात चव वाढते अवघी ०.०५ नं, पण इनोसिनेट असलेल्या पाण्यात तीच भर सव्वापेक्षा जास्त मोजली जाते. गणिताच्या भाषेत, उमामीचा 'ग' सापेक्ष विकलज १ + १२१८न आहे. (इथं कुणाचा हात सुटला असेल तर हरकत नाही, पुढच्या परिच्छेदात भेटू.) ग्वानिलेट असेल तर 'न'ला आणखी २.३ नं गुणायचं. हे सगळं साध्या पाण्यात. मिरची, तेल आणि मिठाच्या गर्दीत नेमके पंचवीस पट निघणार नाहीत, पण दिशा तीच राहते.

म्हणून आत्याला सोयाबीन लागलं नाही, मटण ज्यादा लागलं. तिची जीभ चुकली नव्हती. पातेल्यातलं इनोसिनेट आधीपासून तिथंच होतं, त्याला जोडीदार मिळाला.

तुम्ही अमुक घाला, तमुक घाला म्हणून लोक सांगतात, ते या चाळणीतून गाळून बघा. टोमॅटो? उत्तम, पिकताना त्यातलं ग्लुटामेट वाढत जातं, आणि गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत रसात ते जास्त असतं, जो आपण नेमका टाकून देतो. कोकणातली बाई वांग्यात सोडे किंवा दुधीत जवळा घालते, तीही हीच जोडी जमवत असते. कॉफी आणि काळं चॉकलेट मात्र वेगळ्या खात्यातले. ते भाजका वास आणि कडवटपणा देतात, आणि आपण खोबरं-कांदा काळपट होईतो भाजतो त्यातून ते आधीच आलेलं असतं. मी कॉफी घालून पाहिली. रस्सा कॉफीचा लागला.

अजिनोमोटो म्हणजे विष, हे निरोप फिरवणाऱ्यांसाठी एवढंच: तो ग्लुटामेटचा सोडियम क्षार आहे आणि टोमॅटोतलं ग्लुटामेट शरीराला त्याहून वेगळं ओळखता येत नाही. आईच्या दुधातल्या सुट्या अमिनो आम्लांत सर्वांत जास्त तेच असतं. या भीतीचं मूळ १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकाला आलेल्या पत्रात आहे. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते अशी तक्रार होती आणि कारणांबद्दल नुसते अंदाज. पुढे नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात, खाणाऱ्याला न सांगता केलेल्या चाचण्यांत ती लक्षणं सातत्यानं दिसली नाहीत. दुसऱ्या टोकाला 'उमामी आपल्या षड्रसांत होतीच' म्हणणारे आहेत. मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय यांत ती कुठं बसवायची ते त्यांनी आधी आपसांत ठरवावं. खरी काळजी मिठाची. सोया सॉसमध्ये साधारण १५ ते १८ टक्के मीठ असतं, तेव्हा रश्श्यातलं तेवढं कमी करा.

श्रावण लागल्यावर पुतण्याचा मोर्चा आख्ख्या मसुराकडे वळला. मसुरात इनोसिनेट नाही, म्हणून त्यानं वाळवलेली शिताके आणली आणि उकळत्या पाण्यात टाकली. काही फरक पडला नाही. अळंबीतलं ग्वानिलेट बरंचसं आयतं नसतं. तिच्या आरएनएचे तुकडे करणारं विकर ते बनवतं आणि ते ६० ते ७० अंशांच्या आसपास जोरात चालतं. थेट उकळत्या पाण्यात ते बिचारं कामाला लागण्याआधीच मरतं. दुसऱ्या खेपेला आम्ही अळंबी रात्रभर गार पाण्यात भिजवली, तेच पाणी अळंबीसकट मंद आचेवर हळूहळू तापवलं आणि टोमॅटोबरोबर मसुरात घातलं.

आत्यानं दोनदा वाढून घेतलं. मग एकदम थांबून विचारलं, "अळंबी श्रावणात चालती न्हवं?" चालते, म्हटलं, पूर्ण शाकाहारी. उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर बुरशीची फांदी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळ आहे, हे मात्र तिचं ताट संपेपर्यंत मी बोललो नाही.